मंगळवारी बोटीत कोण असेल?

मार्चअखेर, उन्हाळ्यासाठी इथली घड्याळं एक तास पुढे झाली की आमच्या गल्लीत एकाच आठवड्यात तीन गोष्टी होतात. समोरचे म्हातारबुवा गवत कापायचं यंत्र बाहेर काढून त्याला शिव्या घालतात, माझी बायको मृणाल जाड रजया माळ्यावर चढवायला लावते, आणि मी ड्राइव्हवेवर जाऊन निळ्या ताडपत्रीचा कोपरा उचलून आत नाक घालतो. ताडपत्रीखाली बोट आहे. सहा महिने झाकलेल्या बोटीला एक वास असतो. ओला दोर, थोडं पेट्रोल, आणि मागच्या सप्टेंबरात आमिषासाठी कापलेला बांगडा, जो तीन वेळा साबणाने धुऊनही आपली जागा सोडायला तयार नाही. हा वास डोक्यात गेला की माझ्या लेखी वसंत आला. बाकीचे लोक डॅफोडिल बघतात. बघोत.

आमच्या वेल्समधल्या कार्डिफच्या किनाऱ्याकडे या दिवसांत बास नावाचा मासा सरकू लागतो. चंदेरी, पाठीवर काटे, तोऱ्यात पोहणारा. आपल्या जिताड्याचा लांबचा गोरा भाऊबंद म्हणा. त्याच्या मागे लागलेल्या माणसांची इथे एक टोळीच आहे आणि तीन वर्षांपूर्वी मी त्या टोळीत शिरलो. पण बोटीचा वास आला की मला मासा आठवत नाही. मला एक फॉर्म आठवतो. एका पानाचा, पाठपोट, वाकडा झेरॉक्स काढलेला. आणि तो हातात धरून, चष्मा कपाळावर सारून उभे असलेले बाबा आठवतात.

मी कोळ्याचा मुलगा. रायगडच्या किनाऱ्यावरच्या एका लहानशा वाडीतला. बाबा चाळीस वर्षं समुद्रावर गेले, त्यातली शेवटची पंधरा तांडेल म्हणून, म्हणजे बोटीवर त्यांचा शब्द शेवटचा. त्यांच्या मुलाला बोट लागते. हे वाक्य मी इतक्या सहज लिहितोय, पण आमच्या वाडीत ते म्हणजे सुताराच्या मुलाला लाकडाची भीती वाटते, असं आहे. नऊ वर्षांचा असताना बाबांनी मला पहिल्यांदा बरोबर नेलं. बंदराचा खडक ओलांडायच्या आत सकाळची भाकरी समुद्रार्पण झाली. दुसऱ्या खेपेला आदल्या रात्रीचं जेवण. तिसऱ्या खेपेला पोटात काहीच नव्हतं, तरी मी अर्धा तास कडेला लोंबकळत होतो. परत आल्यावर बाबा आईला एवढंच म्हणाले, "याला शिकव. पाण्यात याचं काय नाय."

कुणी बुद्धीमुळे शिकतं, कुणी जिद्दीमुळे. मी उलटीमुळे शिकलो. पण शिकलो. घरातला पहिला, वाडीतला पहिला, आणि पहिल्या वर्गात. माझ्या पदवीची चौकट आमच्या कार्डिफच्या घरात थेट पुढच्या खोलीत आहे, येणाऱ्याला बूट काढताकाढता दिसेल अशी. मृणालच्या घरी तीन पिढ्या डॉक्टर, त्यांच्याकडे पदव्या कपाटात पडलेल्या असतात. असोत. ज्याला नवी असते त्याने भिंतीवर लावावी, माझं सरळ मत आहे.

वाडीतला पहिला पदवीधर म्हणजे वाडीचा कायमचा फॉर्म भरणारा. रेशनकार्ड, बँक, होडीचा परवाना, जाळ्याचं अनुदान, सगळं आमच्या ओटीवर. लोक यायचे, माझ्यासमोर मांडी घालून बसायचे, आणि मी लिहायचो. सुरुवातीला विचारून लिहायचो. पुढे पुढे विचारायची गरजच वाटेना, सगळ्यांची उत्तरं मला पाठ. जन्मतारीख तर कुणालाच माहीत नसायची, मग मी एक जून टाकायचो. आमच्या अर्ध्या वाडीचा वाढदिवस एक जूनला असतो, तो मी दिलेला आहे. बाबांचासुद्धा.

बाबा इथे आले ते तीन वर्षांपूर्वी, एप्रिलच्या शेवटी. एकटेच. आईने साफ सांगितलं होतं की आधी तुम्ही जाऊन या, परत आलात तर पुढच्या वेळी माझा विचार करू. नारळी पुनवेच्या आत परत जायचं, ही बाबांची अट. पुनवेला वाडीत सगळ्या होड्या पुन्हा पाण्यात जातात आणि तेव्हा आपण तिथे नसलो तर होड्या चुकीच्या दिशेला जातील अशी त्यांची समजूत असावी. स्वतःची होडी त्यांनी गुडघ्यांमुळे त्याच्याही तीन वर्षं आधीच चुलत्याच्या मुलांना देऊन टाकली होती. देताना एक वाक्य म्हणाले होते, "झालं माझं पाणी." तेव्हापासून एकदाही पाय ठेवला नव्हता. कुणाच्याच होडीत.

आमच्या घरापासून पेनार्थचा किनारा चालत पंचवीस मिनिटं. पहिल्याच दिवशी मी त्यांना तिथे नेलं. पाणी भिंतीला लागलेलं होतं. बाबा बराच वेळ बघत राहिले, मान हलवली, ठीक आहे असं. जेवून संध्याकाळी पुन्हा गेलो तर समुद्र गायब. जिथे लाटा होत्या तिथे चिखल, गोटे, आणि दूरवर एक चकाकती रेघ. इथली भरती-ओहोटी जगातल्या मोठ्यातल्या मोठ्यांपैकी, हे मला वाचून माहीत होतं. बाबांना कुणी सांगितलं नव्हतं. ते कठड्याला धरून उभे राहिले आणि माझ्याकडे अशा नजरेने बघू लागले की जणू मीच काहीतरी केलंय. "पाणी कुठं नेलं यांनी?" मग दुसऱ्या दिवसापासून ते रोज दोनदा जाऊ लागले, सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा. तिसऱ्या आठवड्यात माझ्या फोनमधलं भरतीचं ॲप मला बाबांशी पडताळून बघावं लागायचं.

आता खरं काय ते सांगतो. बोट घ्यायचं माझ्या मनात वर्षभर होतं, पण बाबा आल्यावर ते मनातून पोटात उतरलं. मला एकच गोष्ट हवी होती. पुनवेला ते परत जायच्या आत, एकदा, फक्त एकदा, त्यांनी माझ्या बोटीत बसावं आणि मी ती चालवावी. चाळीसच्या वर वय झालंय माझं, दोन देशांत नोकऱ्या केल्या, विमा कंपनीच्या सॉफ्टवेअरची एक अख्खी टीम माझ्या हाताखाली आहे. पण समुद्राच्या बाबतीत मी अजून कडेला लोंबकळणारा नऊ वर्षांचाच होतो, आणि ते त्यांनीच बदलायला हवं होतं. दुसरं कुणी बदलू शकत नाही.

एका रविवारी जेवताना मी विषय काढला. बोट घेतोय म्हटलं. मासे धरायला. बाबांनी घास खाली ठेवला.

"का? नोकरी गेली?"

नोकरी गेली नाही, हौस म्हणून, असं मी म्हटलं. तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं त्याला मी आजही नाव देऊ शकत नाही. मी जर म्हटलं असतं की रविवारी हौस म्हणून खदानीत दगड फोडायला जातो, तर तसंच काहीतरी आलं असतं. "समुद्रात जायचं ते पोटासाठी," ते म्हणाले. "हौसेला कोण जातं रे?" मी विचारलं की तुम्ही याल का एकदा. ते म्हणाले, "झालं माझं पाणी." आणि आमटी मागितली.

माझी बोटनिवड तोवर सुरू झाली होती आणि ती कुठल्याही सुशिक्षित माणसाची होते तशीच चुकीची झाली. मी व्हिडिओ बघितले. अमेरिकन व्हिडिओ. तिकडच्या तळ्यांतल्या बासच्या बोटी म्हणजे लग्नातल्या बँडवाल्याच्या कोटासारख्या. चमचमीत मरून रंग, आत गालिचा, दोन गोल फिरणाऱ्या खुर्च्या, आणि मागे इंजिन इतकं मोठं की बोट त्याला बांधलीय की ते बोटीला, कळू नये. मी रात्रंदिवस त्या बघायचो. माझा मित्र निखिल, नागपूरचा, आमच्याच कंपनीत, त्याने मला एक स्प्रेडशीट करून दिलं. बोटींची लांबी, वजन, इंजिनाची ताकद, प्रत्येकाला गुण, गुणांना भार, शेवटी एक बेरीज. सगळ्यात जास्त गुण एका आठ माणसांच्या बोटीला पडले. कारण निखिलने आसनांना सर्वांत जास्त भार दिला होता. कोजागिरीला बोटीत मसाला दूध करायचं, असा त्याचा बेत होता. ऑक्टोबरात. इथल्या ब्रिस्टल चॅनेलच्या गारठलेल्या पाण्यात.

हे स्प्रेडशीट घेऊन मी बोटीच्या यार्डात गेलो. यार्ड ग्लेनिसचं. साठीच्या पुढची वेल्श बाई, पुरुषी बूट, कानावर पेन्सिल, आणि समोर राजा आला तरी त्याला 'लव्ह' म्हणणारी. तिने स्प्रेडशीट दोन्ही हातांनी घेतलं, अगदी आदराने चाळलं, आणि त्यावर चहाचा मग ठेवला. म्हणाली, बोट दाखवायच्या आधी मी सगळ्यांकडून हे भरून घेते. आणि तो वाकडा झेरॉक्स पुढे केला. पहिलाच प्रश्न होता: साध्या मंगळवारी बोटीत कोण असेल?

मी म्हटलं, मंगळवारी मी ऑफिसात असतो. ती म्हणाली, तेच. लोक बोट घेतात ती वर्षातल्या एका रविवारसाठी, सासूबाई, मेव्हणे, त्यांची कुत्री सगळे येतील म्हणून. ते येत नाहीत. मग दोन वर्षांनी बोट माझ्याकडे परत येते. पुढचे प्रश्नही तसलेच. तुम्हाला उभं राहून मासे धरायला आवडतं की बसून? इंजिन हातात दांडा धरून चालवायला आवडतं की चाकाने? वेग आवडतो की शांतता? जोराचा आवाज चालतो का? ओलं झालेलं चालतं का? आणि प्रत्येक प्रश्नाच्या शेवटी छापलेलं, बरोबर उत्तर नाही.

बरोबर उत्तर नाही, हे वाक्य मी पहिल्यांदाच बघत होतो. मी आयुष्यभर जे फॉर्म भरले त्यांत बरोबर उत्तर असायचं आणि ते नाही लिहिलं तर रेशन बंद व्हायचं. आणि आवडतं का, हा काय प्रश्न झाला? आमच्याकडे होडी घेताना कुणाला काय आवडतं हे मी कधी ऐकलंच नव्हतं. लाकूड कुठलं, खलाशी किती, बर्फ किती मावेल, एवढंच. आवडीचा रकाना नव्हताच कुणाच्या आयुष्यात.

ग्लेनिसने बोटीत येणाऱ्या प्रत्येकासाठी एक, असे चार फॉर्म दिले. ते मी घरी डायनिंग टेबलावर बसून भरले. चारही. सवयच ती. मृणालने जाताजाता सांगितलं की वर छप्पर आणि आत टॉयलेट नसेल तर मला धरू नकोस, ते लिहिलं. मुलगी ईरा नऊ वर्षांची, कार्डिफची जन्मलेली, तिने सांगितलं, "बाबा, लाल बोट पाहिजे आणि खूप फास्ट जाणारा." तेही लिहिलं. बाबा आत टीव्हीवर कबड्डी बघत होते. त्यांना मी उठवलं नाही. त्यांचं काय, मला पाठ होतं. आसन: साधी फळी. इंजिन: मागे बसून दांड्याने चालवायचं, जुन्या पद्धतीचं. वेग: बेताचा. छप्पर: नको. सुखसोयी: काही नाहीत. लिहिताना मला खरोखर भरून आलं. एका कष्टकरी माणसाचं चित्र मी इंग्रजीत काढतोय असं वाटलं. खाली सहीच्या जागी त्यांचं नावही मीच लिहिलं.

मग एक जून आला. ईराने केक केला, वर आयसिंगची होडी. बाबांनी मेणबत्ती विझवली, टाळ्या झाल्या. ईराने विचारलं, आबा, तू किती वर्षाची झाली? "काय ठावं," बाबा म्हणाले. "हा वाढदिवस तुझ्या बापानं दिलाय मला. खरा कुठला हाय तो माझ्या आईला ठावं होता." आणि मजेत केक खाल्ला. मीही हसलो. मला त्यात काही ऐकू आलं नाही. पदवी असून कधीकधी असं होतं.

फॉर्मवरून ग्लेनिसने बोट काढली. मृणालच्या अटीत बसणारी बोट आमच्या गाडीला ओढता आली नसती आणि ड्राइव्हवेवर ठेवली असती तर कौन्सिलचे कचऱ्याचे डबे रस्त्यावर आले असते, त्यामुळे टॉयलेटच्या जागी झाकणाची बादली आली. मृणालने त्या क्षणी स्वतःचा फॉर्म मागे घेतला. उरली साडेसोळा फुटांची, पांढरी, उंच कडांची, एका मच्छीमाराने वापरून दिलेली बोट. आत आडवी फळी. मागे दांड्याचं इंजिन. मला वाटलं, झालं. बाबांची वाडीच जणू उचलून वेल्समध्ये आणली.

बोट बघायला तरी चला, म्हणून त्यांना यार्डात नेलं. बघायला ते आले. स्वेटर, वर माझं जॅकेट, डोक्यावर माकडटोपी. यार्डात शिरले आणि माझे बाबा बदलले. घरात ते मायक्रोवेव्हला दबकून असायचे. इथे त्यांनी कुणालाही न विचारता बोटीला वळसा घातला, तळहाताने ठोकत, कान लावत. आत वाकून वास घेतला. इंजिन टांगायच्या मागच्या फळीची उंची वितीने मोजली, दोन विती चार बोटं, मग इंजिनाच्या पाण्यात उतरणाऱ्या पायाची लांबी मोजली, तीही तितकीच, आणि ग्लेनिसकडे बघून मान डोलावली. ग्लेनिसने कानावरची पेन्सिल काढून पुन्हा कानावर ठेवली. मला ती दोन महिन्यांत इतकी गंभीर कधी दिसली नव्हती.

"चांगली हाय," बाबा म्हणाले. "कामाची हाय." आणि चालते झाले.

मी ग्लेनिसशी इंजिनाच्या ताकदीवर बोलत होतो. दहा मिनिटांनी बघतो तर बाबा कुठे नाहीत. ईराही नाही. मग यार्डाच्या मागच्या कोपऱ्यातून कुरकुर असा आवाज आला. तिथे ट्रेलरवर एक मरून बोट होती, चमचमीत, गालिच्याची. कुणीतरी तळ्यावरची विकून टाकलेली. तिचं इंजिन काढून ठेवलेलं होतं. तिच्या पुढच्या भागात ती गोल फिरणारी खुर्ची, आणि खुर्चीत बाबा. पाठ पूर्ण टेकलेली, दोन्ही हात खुर्चीच्या हातांवर, माकडटोपी मांडीवर. पायाच्या अंगठ्याने गालिच्यावर हलकेच रेटा देऊन ते गोल फिरत होते. उत्तर, पूर्व, दक्षिण, पश्चिम. ईरा खाली उभी राहून मोजत होती, सतरा झाले, अठरा झाले.

मला बघून ते थांबले नाहीत. पुढच्या फेरीला माझ्यासमोर आले तेव्हा म्हणाले, "ही बोट नको घेऊस. तळ्यातली हाय. पुढची नाळ बघ किती खाली, पहिल्या लाटेला पाणी आत." आणि निघून गेले. पुढच्या फेरीला आले. "खुर्ची बघ मात्र."

मी म्हटलं, बाबा, तुमच्यासाठी साधी फळी सांगितलीय मी. जशी आपल्याकडे असते.

तेव्हा त्यांनी अंगठा टेकवून खुर्ची थांबवली. मी खिशातून तो फॉर्म काढून दाखवला, अभिमानाने, काय मूर्ख असतो माणूस. त्यांनी चष्मा कपाळावर सारला, कारण चष्म्याने त्यांना इंग्रजी आणखीच कमी दिसतं. स्वतःचं नाव तेवढं त्यांनी ओळखलं.

"हा माझा कुणी भरला?"

"मी."

"मला विचारलंस?"

 ग्लेनिस मागे येऊन उभी होती, तिला मराठी येत नाही, पण ती जमिनीकडे बघू लागली.

"चाळीस वर्षं होडीत उभा नायतर उकिडवा," बाबा म्हणाले. आवाज चढलेला नव्हता, उलट थोडा गमतीतच. "पाठ टेकायला काय नव्हतं म्हणून नव्हती टेकत. आवडत होतं म्हणून नाय. वाच, काय काय विचारलंय त्यात."

मग आम्ही तिथेच, त्या चमचमत्या बोटीत, त्यांचा फॉर्म नव्याने भरला. बाबा खुर्चीत, मी खाली गालिच्यावर मांडी घालून, ओटीवर लोक माझ्यासमोर बसायचे तसा. मी प्रश्न मराठीत सांगायचो, ते एक फेरी मारायचे, मग उत्तर द्यायचे. वेग की शांतता? शांतता. आयुष्यभर इंजिनाच्या आवाजाने कान गेलेत. दांडा की चाक? चाक. गाडीसारखं. मुंबईला साहेबाच्या लाँचला बघितलं होतं एकदा. छप्पर? उन्हाला हवं, पण इथे ऊन आहे का? ओलं चालेल का? नाही. "कधीच नव्हतं चालत," ते म्हणाले. हे मला माहीत नव्हतं. चाळीस वर्षं भिजत घरी येणाऱ्या माणसाला भिजणं आवडत नाही, हे मला माहीत नव्हतं.

इंजिनाच्या ताकदीचा रकाना आला तेव्हा मी नव्वद अश्वशक्ती म्हटलं, ग्लेनिसने चाळीस. बाबांनी विचारलं, परत येताना ओहोटी समोरून आली तर हे इथलं पाणी किती जोराने येतं? जाताना काय, कुणीही जाईल. इंजिन परत येण्याच्या हिशेबाने घ्यायचं. मी ते ग्लेनिसला सांगितलं. तिने चाळीस खोडून साठ लिहिलं. "आणि वल्ही दोन," बाबा म्हणाले. "इंजिन माणसासारखं असतं, रुसतं." वल्ही ग्लेनिसला हाताच्या हालचालीवरूनच कळली.

शेवटी पहिला प्रश्न उरला. मंगळवारी बोटीत कोण असेल? बाबांनी या वेळी फेरी मारली नाही.

"मंगळवारी मी नसेन. मी पुनवेला जातो. तू असशील, एकटा." आणि मग, माझ्याकडे बघून, अगदी कामाचं सांगतात तसं, "तुला बोट लागते. कडेला धरायला चांगला उंच दांडा लाव. कमरेएवढा. नायतर उलटी करताना जाशील खाली."

म्हणजे आमची बोट अशी ठरली. बोट मच्छीमाराची, पांढरी. फळी काढून तिच्या जागी तळ्यातल्या बोटीची मरून खुर्ची, चार बोल्ट लावून. चाक. साठ ताकदीचं, कमी आवाजाचं चार स्ट्रोकचं इंजिन, लांब पायाचं. वल्ही दोन. आणि डाव्या बाजूला, चाकापासून हात पोहोचेल इतक्या अंतरावर, कमरेएवढा स्टीलचा दांडा, खास उलटीसाठी. निखिलचं स्प्रेडशीट मी पुन्हा उघडून बघितलं. उलटीचा रकाना त्यात नव्हता.

बाबांनी येतो असं कुठेच म्हटलं नव्हतं, हे तुमच्या लक्षात आलं असेल. माझ्याही आलं होतं. त्यांनी फॉर्म भरला, खुर्ची निवडली, पण मी रोज विचारायचो आणि ते रोज पाण्याकडे बघून यायचे. जुलै संपत आला. त्यांची बॅग खोलीच्या कोपऱ्यात उघडी पडली होती, ईरा तिच्यात चॉकलेटं भरत होती. आणि एका सकाळी ते बूट घालून दारात उभे. म्हणाले, पाणी आज बरं आहे, दुपारच्या भरतीला जाऊ. पण एक सांगतो, तांडेल तू. मी काय हात लावणार नाय.

निखिल नारळ घेऊन आला आणि बोटीच्या नाळेवर, म्हणजे पुढच्या टोकावर, फोडायला निघाला. बाबांनी त्याचा हात वरच्यावर धरला. "फायबर हाय ते. तुझं डोकं जास्त घट्ट हाय, त्याच्यावर फोड." नारळ मग धक्क्याच्या दगडावर फुटला. निखिलला किनाऱ्यावर सोडून आम्ही दोघंच निघालो. इंजिन सुरू केलं. बाबा खुर्चीत बसले होते, वाट बघत. थोड्या वेळाने म्हणाले, चालू कर की. मी म्हटलं, चालूच आहे. त्यांनी वाकून मागे बघितलं, पाणी फेसाळत होतं आणि आवाज जवळजवळ नाही. ते खुर्चीत आणखी थोडे मागे सरकले.

दहाव्या मिनिटाला माझं सुरू झालं. पोटातून ओळखीचं काहीतरी वर सरकलं, तीस वर्षांनी भेटणाऱ्या वर्गमित्रासारखं. डावा हात दांड्याला, उजवा चाकावर, तोंड समुद्राकडे. दुपारची पोळीभाजी गेली. डोळ्यांतून पाणी. मी मान वर करून दिशा बघत होतो, पुन्हा खाली वाकत होतो, पुन्हा वर. आणि मला कळत होतं की आता बाबा उठतील. उठून मला बाजूला करतील, चाक घेतील, जसं कुणीही करेल, जसं त्यांनी मला नवव्या वर्षी पाण्यातूनच बाजूला केलं होतं. मी त्याची वाटच बघत होतो.

ते उठले नाहीत.

मी तिरक्या डोळ्याने बघितलं. त्यांची पाठ खुर्चीला टेकलेली होती, पण दोन्ही हात गुडघ्यांत घट्ट दाबून धरलेले, इतके की बोटं पांढरी पडली होती. चाळीस वर्षांचे हात होते ते, त्यांना स्वतःहून चाकाकडे जायचं होतं. बाबा त्यांना धरून बसले होते. माझ्या तिसऱ्या उलटीनंतर त्यांनी फक्त अंगठ्याने खुर्ची हळूच दुसरीकडे वळवली, पाठ माझ्याकडे, तोंड उघड्या समुद्राकडे. म्हणजे मला लाज वाटू नये. की स्वतःला बघवू नये. मी कधी विचारलं नाही.

बोट सरळ चालली होती. एवढं मला त्या दिवसाचं नक्की माहीत आहे.

मासा एक मिळाला. बाबांच्या गळाला, खुर्चीत बसल्याबसल्या. मी पट्टी काढली, कारण इथे ठरलेल्या मापाहून लहान बास ठेवता येत नाही. दोन बोटं कमी भरला. मी सोडून दिला. बाबा त्या पाण्याकडे आणि मग माझ्याकडे बघत राहिले. "मोजून सोडला," ते म्हणाले, जसं एखाद्याने सांगावं की घर बांधून पाडलं. मग थोड्या वेळाने हसू लागले. पुनवेला वाडीत परत गेल्यावर त्यांनी हीच गोष्ट सर्वांना सांगितली असं आईने कळवलं. मासा सोडल्याची. माझ्या उलटीची नाही. वाडीत सगळ्यांना आता एवढंच माहीत आहे की मी बोट चालवतो, आणि मासे मोजतो.

आज सकाळी ताडपत्री काढली. खुर्चीच्या बोल्टांवर थोडा गंज आला आहे, तो घासला. मी आता दर मंगळवारी नाही, पण महिन्यातून एकदोनदा जातो, एकटा, आणि दांडा अजून कामाला येतो. खुर्चीत बसत नाही. तिथे माझी पिशवी असते.

दुपारी बाबांना व्हिडिओ कॉल लावला. यंदा ते दोघंही येतायत, आई म्हणते परत आलेला माणूस बघितला, आता भीती नाही. विमानाच्या तिकिटाचा फॉर्म मी समोर उघडून बसलो होतो. आईचं सोपं होतं, खिडकी, तिने मी विचारायच्या आतच मागून सांगितलं. बाबांचं मी हाताच्या सवयीने टाकायला निघालो होतो, गुडघे दुखतात त्यांचे, म्हणजे कडेची जागा. जेवण: मांसाहारी. बोट बटणावर होतं. उचललं.

विचारलं, बाबा, जागा कुठली हवी? खिडकीची, मधली, कडेची?

पडद्यावर त्यांनी चष्मा कपाळावर सारला. ओटीवरच्या खुर्चीत होते, प्लास्टिकच्या, जी फिरत नाही.

"थांब," ते म्हणाले. "विचार करू दे."

मी थांबलो. मागे आई काहीतरी म्हणत होती की विमानाचं काय एवढं, टाक रे कुठलीही. वाडीत कुठेतरी कुणीतरी होडीला ठोकत होतं, त्याचा आवाज येत होता. वेबसाइटने सांगितलं की बराच वेळ झाला, तुम्ही अजून इथे आहात का. मी आहे, असं दाबलं.